उजवीकडचं पेडल

मंगळवार, ७ मार्च

दुपारी पोस्टाने नोटीस आली. लाल सिग्नल तोडल्याबद्दल. पाकीट फोडताना वाटलं, कोणा शिकाऊचा प्रताप असणार. आमच्या मोटारशाळेच्या गाड्यांना अशी प्रेमपत्रं अधूनमधून येतातच. मग तारीख वाचली. त्या दिवशी गाडीत शिकाऊ कोणी नव्हतं. गाडी मी चालवत होतो.

मी, म्हणजे ज्याने या शहरातल्या निम्म्या लोकांना लाल रंगाचा अर्थ समजावून सांगितला, तो.

सोबत फोटो आहे. मागून काढलेला. गाडीचा नंबर स्पष्ट, मागच्या काचेवरची ‘शिकाऊ’ची पाटी त्याहून स्पष्ट. आतली माणसं म्हणजे नुसत्या दोन काळ्या सावल्या. सिग्नल मात्र असा लालबुंद आलाय की फोटो काढणाऱ्या यंत्राला बक्षीस द्यावं.

दंड किरकोळ आहे. दुसरा कोणी असता तर शिव्या घालत भरला असता आणि विसरला असता. पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि मोटार शिकवणाऱ्याने सिग्नल तोडल्याचं कबूल केलं की त्याचा शिकवण्याचा परवाना तीन वर्षं बंद. हा नियम मला नोटिशीने सांगायची गरज नव्हती. मी तो वर्गात दर आठवड्याला सांगतो, वर हसतोही.

मी चौपन्न वर्षांचा आहे. तीन वर्षांनी मला दारात कोण उभं करणार? आणि मला दुसरं येतं काय? शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका दाखवणं. मोटारशाळेच्या बाहेर हे काम सगळेच करतात, त्याला पगार मिळत नाही.

बायको रात्रपाळीची नर्स आहे, त्यामुळे दुपारी झोपलेली असते. उठल्यावर तिच्या हातात कागद दिला. तिने तो वाचला, होती तशी घडी घातली.

“मग? भरून टाका.”

“परवाना जाईल माझा.”

तिने कागद परत दिला. “मग वकील बघा.”

“सिग्नलसाठी वकील? मी काय खून केलाय का?”

“थोडक्यात राहिला,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

गुरुवार, ९ मार्च

त्या दिवशीचं सगळं लिहून ठेवतो. म्हणजे कोणी विचारलंच तर दर वेळी सारखंच सांगता येईल.

हिची मुलाखत होती. आजारी लोकांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना हलवायचं, असं काम. दिवसपाळी. हिंडायला संस्थेची छोटी गाडी. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही, म्हणून शाळेची घेऊन गेलो. मी चालवत होतो आणि ती माझ्या जागेवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटवर.

परत येताना तिने सांगितलं, नोकरी मिळाली. अट एकच, या महिन्याअखेर पक्कं लायसन्स हवं. शिकाऊ लायसन्स तिच्याकडे आहेच. परीक्षेची तारीखही मिळालीय, अठ्ठावीस. ती आमच्याच शाळेत शिकली, पण माझ्या हाताखाली नाही. घरच्या माणसाला शिकवायचं नाही, हा माझा नियम. तिला आमच्याकडच्या दुसऱ्या शिक्षिकेने शिकवलं. त्यांना सगळी शाळा ‘हॅण्डब्रेक’ म्हणते, कारण सुट्टी मागा, पगारवाढ मागा, पंखा मागा, त्या सगळ्याला जागच्या जागी थांबवतात.

तर ही बोलत होती. एरवी बोलत नाही फारशी. रात्रपाळी सुटली की सकाळी डोळे असे चुरचुरणार नाहीत, आपण दोघं एका वेळी जेवू, गादीवर एका वेळी झोपू, असं कायकाय. मलाही आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. मी म्हटलं, “गाडी देणार? तुला? विमा काढलाय का त्यांनी?”

विनोद होता. ती बोलायची थांबली.

पुढे सिग्नल. पिवळा होता, तो लाल झाला. मी ब्रेक दाबला. एवढं मला पक्कं आठवतंय, उजवा पाय खाली गेला. पण गाडी थांबायच्या ऐवजी मागून कोणी लाथ घातल्यासारखी उसळली. झेब्रा पट्ट्यांवर एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन निघाले होते. मग गाडी अशी कचकन थांबली की आमची दोघांची डोकी पुढे गेली. गृहस्थांचे दोन्ही तळवे बॉनेटवर. त्यांनी माझ्या घराण्याविषयी चार शब्द सांगितले, पिशवी सावरली आणि गेले.

कोणालाही ओरखडा नाही. घरी उतरताना बघतो तर हिच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटलेला. म्हटलं, नोकरी लागलीय, आता नवी घे. ती चपला हातात घेऊन आत गेली. विनोदाचा राग दोन दिवस टिकतो तिचा.

शुक्रवार, १० मार्च

मेव्हणा आला होता. कंपाउंडच्या भिंतीवरून त्याची शेजाऱ्याशी केस चालू आहे. भिंत कधीच पडली, केस मजबूत उभी आहे. त्यामुळे घराण्यात तोच कायदेतज्ज्ञ.

“भाऊजी, वकील करूच नका. वकील केला की न्यायाधीशाला वाटतं, याची काहीतरी चूक आहे.”

“आणि नाही केला तर?”

“तर काय, त्याला खात्रीच पटते.”

“मग करू काय मी?”

“तेच तर. कोर्टात काही करता येत नसतं, भाऊजी. आपण फक्त तारखेला जायचं.”

जाताना बहिणीला म्हणाला, “ताई, नोकरीचं ऐकलं. आता भाऊजींना तू फिरवायचंस.” ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिली.

सोमवार, १३ मार्च

हे लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. हे पान कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

दुपारचा शिकाऊ उशिरा येणार होता. गाडी सावलीत लावून मी उगाचच चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसलो. इंजिन बंद. डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, ‘सिग्नल लाल.’ पाय आपोआप गेला. डोळे उघडून खाली बघितलं.

पाय ॲक्सिलरेटरवर होता.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग उतरलो, वळसा घालून माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो आणि खाली पाहिलं. तिकडे दोनच पेडल असतात. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. शिकवणाऱ्याला ॲक्सिलरेटर देत नाहीत, त्याचं काम फक्त थांबवण्याचं. म्हणजे माझ्या पायाला अख्ख्या आयुष्यात एकच गोष्ट कळलीय, संकट आलं की सगळ्यात उजवीकडचं पेडल दाबायचं. त्या सीटवर उजवीकडे ब्रेक असतो. या सीटवर उजवीकडे वेग असतो. मी स्वतः गाडी चालवतो तरी केव्हा? कधीतरी रविवारी.

म्हणजे लाल दिवा दिसल्यावर मी वेग दिला. त्या म्हाताऱ्या माणसाच्या दिशेने.

एवढं कळेपर्यंत शिकाऊ आला. तो म्हणाला, “सर, मला भीती वाटते.” मी म्हटलं, “वाटायलाच हवी.”

मी शिकवायला लायक आहे, चालवायला नाही. हे वाक्य कितीतरी प्राध्यापकांना लागू पडेल, पण त्यांच्यासमोर माणूस पिशवी घेऊन रस्ता ओलांडत नसतो.

एक मात्र मानलं पाहिजे. शेवटच्या क्षणी मी सावरलो. गाडी थांबली, म्हणजे पाय ब्रेकवर आला असणार. कसा आला ते आठवत नाही. एवढ्या वर्षांचा सराव, दुसरं काय. तेवढाच आधार वाटतो.

मंगळवार, १४ मार्च

शेवटी वकिलांकडे गेलो. हे वकील माझ्याकडेच गाडी शिकले. तीनदा नापास झाले. चौथ्या वेळी परीक्षक दमला. त्यांची खोली झेरॉक्सच्या दुकानावर आहे, त्यामुळे बोलताना खालून सतत यंत्राची घरघर येते आणि पायांखालची फरशी गरम लागते. अशिलाचे पाय भाजले पाहिजेत, अशी सोय.

मी पेडलाचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावून पेन ठेवून दिलं.

“सर, हे तुम्ही मला सांगितलंत. आता दुसऱ्या कोणाला सांगू नका. शिकवणाऱ्याला ब्रेक कुठला ते कळत नाही, असं कोर्टात म्हटलं तर तीन वर्षं नाही, जन्माचा परवाना जाईल.”

“मग लढायचं कशावर?”

त्यांनी फोटो उचलून खिडकीपाशी नेला. “ही पाटी बघा. शिकाऊची. आत दोन माणसं आहेत. कोण कुठे बसलंय, दिसतं का?”

“नाही.”

“मग समजा, गाडी शिकाऊ चालवत होतं. शिकाऊच्या चुकीबद्दल शिकवणाऱ्याला नुसती समज देतात. उलट, शिकवणाऱ्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून माणूस वाचला. तुमची वाहवा, सर.”

“आणि शिकाऊला?”

“लायसन्स वर्षभर थांबवतात. बाकी काही नाही. जरा विश्वासातलं कोणी बघा.” मग मान खाली घालून म्हणाले, “वहिनींकडे शिकाऊ लायसन्स आहे ना? आणि त्या गाडीत होत्याच. म्हणजे अर्धं खरंच.”

मी उठलो. म्हटलं, “विचार करतो.” ते म्हणाले, “करा. पण वकीलपत्रावर सही करून विचार करा.”

सही नाही केली. जिन्यात मात्र बराच वेळ उभा राहिलो.

गुरुवार, १६ मार्च

कालपासून स्वतःशी वकिली चालू आहे. दोन्ही बाजू मीच लढवतो आणि दोन्हीकडून हरतो.

एक बाजू : माझा परवाना गेला तर घर तिच्या पगारावर. नवी नोकरी आहे, दिवसपाळी आहे, चालेल. मी घरी राहीन, भाजी निवडीन, ती दमून आल्यावर विचारीन, आज किती पेशंट. लोक विचारतील, “सर, हल्ली दिसत नाही?” मी सांगेन, सिग्नल तोडला. ते हसतील. मीही त्यांच्या जागी हसलो असतो, फार जोरात.

दुसरी बाजू : तिचं लायसन्स एक वर्ष पुढे गेलं तर? रात्रपाळी आणखी एक वर्ष. सवय आहे तिला. नोकऱ्या काय, निघत असतात.

‘सवय आहे तिला.’ हे लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. खोडलं नाही. खोटं आहे असंही म्हणवत नाही.

शनिवार, १८ मार्च

आज तिला सांगितलं. ती धुतलेले युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी वकिलांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, म्हणजे निर्लज्जपणा त्यांच्या नावावर जावा.

इस्त्री थांबली नाही.

“म्हणजे मी चालवत होते.”

“कागदावर.”

“आणि तुम्ही शेजारी होता.”

“कागदावरच गं.”

“आणि ब्रेक तुम्ही दाबलात.”

“तो तर मी दाबलाच ना.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ताप किती आहे ते कपाळाला हात न लावता ओळखतात, तसं.

“तुम्हाला काय आठवतंय, त्या दिवशीचं?” तिने विचारलं.

“ब्रेक दाबला, एवढं आठवतंय.”

“बरं,” ती म्हणाली. युनिफॉर्मची बाही उलटी करून पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. जरा वेळाने म्हणाली, “मी नाही म्हटलं तर?”

मी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, “मग माझं संपलं.”

“आणि माझं सुरूच झालेलं नाही, म्हणून ते संपत नाही. असंच ना?”

“वर्षभराचा तर प्रश्न आहे.”

“कुठे सही करायची ते सांगा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

सोमवार, २० मार्च

वकीलपत्र झालं. तिचं निवेदनही टाइप झालं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, “किती प्रती?” वकील म्हणाले, “तीन.” हिने सही करताना तो कागद दोनदा वाचला. वकिलांना म्हणाली, “शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबला गेल्याने अपघात टळला, हे वाक्य फार चांगलं लिहिलंय तुम्ही.” वकील खूश झाले. “वहिनी, तुम्हाला आवडलं ना, मग कोर्टालाही आवडेल.”

टोमणा होता का? असला तरी कोणाला, ते कळलं नाही.

सोमवार, २७ मार्च

सुनावणी झाली. मला वाटलं होतं, काहीतरी दालन असेल, खांब असतील. प्रत्यक्षात लांबट खोली, सरकारी पंखा, आणि आमच्यासारखी बाकांवर बसलेली माणसं. सगळ्यांचा चेहरा एकच, ‘मी एकटाच सापडलो’.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांना सर्दी झालेली. त्यांनी फोटो पाहिला, निवेदन वाचलं, हिला उभं केलं.

“यावर सही तुमची?”

“हो.”

“वाचून केलीत?”

“दोनदा वाचून.”

“काय झालं होतं? थोडक्यात सांगा.”

हिला खोटं बोलता येत नाही. नको असलेल्या पाहुण्यांनासुद्धा ‘घरी नाही’ म्हणता येत नाही, स्वतः दारात जाऊन सांगते की आम्ही घरी आहोत पण दमलोय. मला वाटलं, आता सगळं बुडणार.

ती सरळ उभी राहून म्हणाली, “सिग्नल लाल झाला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे गेली. पाय चुकीच्या पेडलावर पडला होता. समोर एक आजोबा होते. शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबला म्हणून ते वाचले.”

“वेळेवर दाबला?”

“अगदी वेळेवर. सगळा जोर लावून.”

“मग सिग्नल तोडला, हे मान्य?”

“गाडीने तोडला. मान्य.”

इतकं साधं, सरळ, न अडखळता. माझ्या बायकोकडे ही कला कुठून आली? मला तिचा अभिमान वाटला. हे लिहितो कारण वाटला, खरंच.

न्यायाधीशांनी निकाल सांगितला. शिकाऊ लायसन्स वर्षभर स्थगित, किरकोळ दंड. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही शेजारी नसता तर आज ही केस इथे नाही, वरच्या कोर्टात असती. असे शिक्षक हवेत.” आणि शिंकल्या.

मी मान लववली. वकिलांनी बाहेर येऊन माझा हात हलवला. मी हिला म्हटलं, “काय बोललीस तू! एकही शब्द चुकला नाहीस.”

“खोटं एकच होतं त्यात,” ती म्हणाली. “माझी सही.”

आणि बसथांब्याकडे चालायला लागली. गाडीत बसली नाही.

मंगळवार, २८ मार्च

आज तिची परीक्षा होती. असायची होती.

तिने संस्थेला फोन करून सांगितलं, लायसन्स मिळत नाही. का, असं त्यांनी विचारलं असणार. ती म्हणाली, “सिग्नल तोडल्याची केस झाली.” पलीकडचे काहीतरी बोलले. ती म्हणाली, “हो, बरोबर आहे तुमचं. आजारी माणसांच्या घरी जायचं म्हणजे भरवशाचं माणूस हवं.” फोन ठेवून केस बांधले आणि पांघरूण घेऊन झोपली. रात्री ड्युटी होती.

शुक्रवार, ३१ मार्च

शाळेत सगळे माझं अभिनंदन करतायत. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “असा पाय पाहिजे.” कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हॅण्डब्रेकबाईंनी वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी आल्या.

“सर, एक विचारू? वहिनींच्या हातून सिग्नल सुटला?”

“सुटला. होतं असं.”

“माझ्याकडे शिकल्या त्या. पहिल्या दिवसापासून मला ब्रेक दाबावा लागला नाही. एकदा मीच म्हटलं, जरा माझ्या सीटवर बसून बघा, तिकडून रस्ता कसा दिसतो. त्या बसल्या. एक कुत्रं मध्ये आलं, मी चालवत होते, माझ्या आधी त्यांनी दाबला. नर्स आहेत ना. कोणी पडायच्या आधी त्यांचा हात पुढे असतो.”

मी म्हटलं, “हो का.”

“तर त्या चालवत असताना असं कसं झालं, ते मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही शेजारी असताना त्यांच्या चपलेचा पट्टा कसा तुटला, तेही. त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर शिवायला टाकायला आल्या होत्या. चांभाराने विचारलं, एवढा जोर कशावर लावलात?”

मी चहा घेतला नाही. पुढचा धडा होता, तो दिला. शिकाऊने काय केलं, मला सांगता येणार नाही.

माझा पाय उजवीकडच्या पेडलावर होता. तो शेवटपर्यंत तिथेच होता. हे मला तेरा तारखेलाच कळायला हवं होतं. वेग देणाऱ्या पायाने गाडी थांबत नाही, हे मी पहिल्या धड्यात शिकवतो.

घरी आलो तर ती उठून बसली होती. मी विचारलं, “का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सांगत होतात ना, ब्रेक तुम्ही दाबला. मला वाटलं, तेवढं तरी राहू दे तुमच्याकडे.”

“पण मग सही कशाला केलीस?”

“तुम्ही म्हणालात, माझं संपलं. मी वाट बघत होते, कोर्टात तरी उभे राहाल म्हणून. त्या बाईंनी शाबासकी दिली तेव्हासुद्धा बघत होते.”

सोमवार, ३ एप्रिल

वकिलांकडे गेलो. म्हटलं, मला खरं सांगायचंय. परवाना गेला तर जाऊ दे. तिचं लायसन्स सोडवा.

त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटतं, आजवर त्यांनी दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

“सर, आता खरं बोललात तर तुमचा परवाना जाईल, ते सोडा. वहिनींनी कोर्टाला खोटं निवेदन दिलं, असं होईल. त्यांच्यावर फौजदारी. मग ही नोकरी तर गेलीच, हॉस्पिटलातलीही राहणार नाही. नर्सचं रजिस्ट्रेशन जातं अशाने.”

“मी सांगेन, मी करायला लावलं.”

“मग दोघंही.” त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. “अपील करा म्हणाल तर अपील कशाविरुद्ध? आपण जिंकलोय, सर.”

खालचं यंत्र घरघरत होतं. फरशी गरम होती. मी पाणी पिऊन उठलो.

रस्त्यात वाटलं, वकील करायचा की नाही यावर मी एवढे दिवस घातले. वकील चांगला निघाला, हीच अडचण झाली. वाईट असता तर हरलो असतो.

तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग आता काय करणार?”

“काही करता येत नाही.”

“बरं.” मग म्हणाली, “यापुढे रविवारी सकाळी मला आणायला येऊ नका. त्या गाडीत मी कुठल्या सीटवर बसायचं, ते मला ठरवता येत नाही.”

गुरुवार, ६ एप्रिल

सकाळचा पहिला धडा. नवी मुलगी, कॉलेजात जाते, बडबडी. हॉस्पिटलसमोरचा सिग्नल लागला, तिने नीट थांबवली. मी शाबास म्हटलं.

पलीकडे बसथांब्यावर बायको उभी होती. रात्रपाळी संपवून. युनिफॉर्मवर स्वेटर, डब्याची पिशवी दोन्ही हातांत धरलेली. डोळे चुरचुरतात तेव्हा ती मान जरा तिरकी करते, तशी केलेली. बस आली, भरलेली होती, न थांबता गेली. ती तिथेच उभी राहिली. आमची गाडी तिला दिसली. पाटीसकट ओळखू येतेच. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ज्या बाजूने बस यायची तिकडे.

“सर, त्या बाई आपल्याकडेच बघत होत्या,” मुलगी म्हणाली. “ओळखीच्या आहेत?”

हो म्हणावं, माझी बायको आहे, दार उघडून तिला मागच्या सीटवर बसवावं, हे सगळं डोक्यात आलं. मागच्या सीटवर पेडल नसतात, हेही आलं. पण ती बसली नसती. आणि या मुलीने दुपारी शाळेत विचारलं असतं, सर, सिग्नल तोडला त्या ह्याच का?

“आमच्या शाळेत शिकायला होत्या,” मी म्हटलं. “लायसन्स राहिलं त्यांचं.”

“अरेरे. तुमच्यासारखे सर असून?”

“सिग्नलकडे लक्ष दे,” मी म्हटलं.